नदीचं पाणी नितळ आहे, पण पोहायला सुरक्षित आहे का?

सुट्टी लागायच्या सुमारास दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, गावाला गेलं की मुलं नदीवर पोहायला जातात. पाणी अगदी नितळ आहे, तळ दिसतो. चालेल ना?" मी लगेच "हो" म्हणत नाही, याचं अनेकांना वाईट वाटतं. पण जुलाब, उलट्या, कावीळ, टायफॉइड यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मग पाणी ओळखायचं कसं? त्याचीच ही गोष्ट.

१८८५ साली थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञाला तान्ह्या बाळांच्या शौचात एक जिवाणू सापडला. तोच आजचा ई. कोलाय. त्याचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात निमूटपणे राहतात. मात्र तो नदीत सापडला, तर तिथे माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळली आहे असं समजायचं. म्हणजे इतर रोगजंतूही सोबत असू शकतात. प्रत्येक जंतू शोधत बसण्यापेक्षा हा एक मोजणं सोपं.

पण किती सापडला तर धोका? १९७० च्या दशकात अमेरिकेत पोहणाऱ्यांचीच पाहणी झाली. किती जण पोहले, नंतर किती जणांचं पोट बिघडलं, त्या दिवशी पाण्यात जंतू किती होते, याचा मेळ घातला गेला. त्यावरून १९८६ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यासाठी मर्यादा सुचवली: १०० मिलिलिटरमध्ये सरासरी १२६ ई. कोलाय. यातही हजार पोहणाऱ्यांमागे सुमारे आठ जणांना पोटाचा त्रास होईल, हे गृहीत धरलं होतं. "सुरक्षित" म्हणजे शून्य धोका नव्हे, हे ध्यानात ठेवा.

आकडा ठरला, पण दर महिन्याला नदीवर जाऊन नमुने घेणार कोण? बॉस्टन शहरातून वाहणाऱ्या चार्ल्स नदीचं उदाहरण बघा. सांडपाण्यामुळे ती इतकी खराब झाली होती की १९५० च्या दशकात तिथे पोहण्यावर बंदी आली. १९६५ साली नागरिकांनी नदीसाठी संघटना उभी केली. १९९५ पासून तिचे स्वयंसेवक महिन्यातून एकदा, भल्या सकाळी, आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बाटल्या भरू लागले. यात शिक्षक होते, निवृत्त मंडळी होती, नोकरदार होते. शिस्त मात्र प्रयोगशाळेची: निर्जंतुक बाटली, तोंडाला हात लावायचा नाही, नमुना बर्फात ठेवायचा आणि काही तासांत तपासायला पोचवायचा. उशीर झाला तर जंतूंची संख्या बदलते आणि मेहनत वाया जाते.

त्या वर्षी सरकारने नदीला गुण दिले, ते याच नमुन्यांवरून. श्रेणी मिळाली "डी". पाणी पोहण्यायोग्य भरलं फक्त १९ टक्के वेळा. अधिकाऱ्यांना आता "नदी खराब आहे" एवढंच म्हणून भागेना, कारण कुठल्या टप्प्यात आणि कधी खराब होते हे कागदावर होतं. पावसाच्या गटारांना चुकीने जोडलेल्या सांडपाण्याच्या नळ्या शोधून तोडल्या गेल्या, जुनी गटारव्यवस्था सुधारली. श्रेणी हळूहळू "बी"च्या आसपास आली. जुलै २०१३ मध्ये, पन्नासहून अधिक वर्षांनी, लोक तिथे परवानगीने पोहले. तेही धक्क्यावरून उडी मारून, कारण तळाचा गाळ अजून खराब होता.

या तपासणीची एक उणीव आहे. ई. कोलायचा अहवाल यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे कळतं ते कालचं पाणी. म्हणून चार्ल्सवर पावसाचा हिशेब धरून अंदाज बांधतात आणि नावांच्या धक्क्यांवर झेंडे लावतात. निळा म्हणजे नाव वल्हवायला हरकत नाही, लाल म्हणजे धोका.

आपल्याकडेही आंघोळीच्या नदीपाण्यासाठी निकष आहेत: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर कदापि नकोत. तुमच्या घाटाचा ताजा अहवाल हाताशी नसेल, तर एवढं नक्की पाळा:

• जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस नदीत उतरू नका.
• नाला किंवा गटार मिळतं त्याच्या खालच्या अंगाला पोहू नका.
• अंगावर जखम असेल तर पाण्यात जाऊ नका.
• पाणी गिळू नका, मुलांनाही तसं शिकवा.
• पोहल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जुलाब, कावीळ किंवा पोटऱ्यांत तीव्र दुखणं झालं, तर डॉक्टरांना "नदीत पोहलो होतो" हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार त्या एका वाक्याने लवकर ओळखता येतो.

मुलांना नदीपासून तोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पुढच्या वेळी घाटावर गेलात की मात्र पाणी कुठून येतंय, ते आधी वर जाऊन बघा.