बलुत्याबाहेरची दोन कामे

इतिहासाच्या तासाला गावगाडा शिकवताना आपण बारा बलुतेदारांची नावे मुलांकडून पाठ करून घेतो. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव... गावोगावी यादी थोडी बदलते, तत्त्व मात्र एकच. काम जन्माने मिळते आणि घरातच शिकायचे असते. अशा वेळी एखाद्या चौकस मुलाने विचारले, “सर, यात वायरमन कुठे आहे? वेल्डर कुठे आहे?” तर वर्ग हसेल. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारच्या गावी, भोकरदनला, अंबडला, मंठ्याला किंवा परतूरला जा, ही दोन दुकाने हमखास दिसतील. त्यांच्यावाचून आजची शेती चालत नाही. तरी बलुत्याच्या यादीत ती नाहीत, कारण यादी ठरली तेव्हा ही कामेच नव्हती. मग ती कोणी, कोणाला आणि कशी शिकवली? या लेखात आपण त्याचा माग काढू.

लोहाराचा सांधा

लोखंडाला लोखंड जोडणे ही काही नवी गोष्ट नव्हे. गावचा लोहार दोन्ही तुकड्यांची टोके भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवी, त्यांवर वाळू किंवा टाकणखार टाकी आणि एकावर एक ठेवून घणाचे घाव घाली. या रीतीत लोखंड वितळत नाही, फक्त मऊ होते. तापलेल्या लोखंडावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे गंजासारखा थर चढतो आणि तो मध्ये राहिला तर सांधा धरत नाही. टाकणखाराबरोबर हा थर वितळतो आणि घणाच्या घावाने बाहेर फेकला जातो.

लोहाराकडे तापमापक नव्हता. लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा या रंगांवरून तो तापमान ओळखी. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. भाता ओढत बसलेला मुलगा वर्षानुवर्षे बापाच्या भट्टीकडे पाहून ते उचलत असे. अशा शिक्षणाची खोली मोठी होती, पण त्याचे दार एका घरापुरतेच उघडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ या ग्रंथात ही सारी व्यवस्था तपशिलाने नोंदवली, तेव्हा युरोपात मात्र लोखंड जोडण्याची एक वेगळीच रीत रुजू लागली होती.

विजेची ठिणगी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हंफ्री डेव्हीने लंडनमध्ये दोन कोळशाच्या कांड्यांमध्ये विजेची झगझगीत कमान पेटवून दाखवली. १८८० नंतरच्या दशकात निकोलाय बेनार्दोस याने या कमानीच्या उष्णतेने धातू जोडण्याचे पेटंट घेतले. १८८८ साली निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती वितळून सांध्यात भरली जाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेल्बर्ग याने त्या कांडीवर खनिजांचा लेप दिला. आज वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा ‘रॉड’ तो हाच.

हा लेप काय करतो? तो जळून वायू तयार होतो आणि हवेला सांध्यापासून दूर ठेवतो. उरलेला भाग वितळून वर तरंगतो आणि थंड झाल्यावर पापुद्र्यासारखा बसतो. लहान हातोडीने ठोकून तो काढून टाकायचा. म्हणजे लोहाराच्या टाकणखाराचेच काम, पद्धत तेवढी निराळी! फरक तापमानात आहे. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर विजेची कमान पाच-सहा हजार अंशांपर्यंत जाते. त्यामुळे घण लागत नाही. दोन्ही कडा वितळून एकजीव होतात.

ही कला कोणाच्याच वाडवडिलांची नव्हती. घरात तार ओढणे आणि मोटार दुरुस्त करणे हेही तसेच. मग ही कामे सर्वांना खुली झाली असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण यंत्र नवे असले म्हणजे जात आपोआप गळून पडते, असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्या याचा पुरावा आहेत. तिथले मागही नवेच होते. तरी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा संपला की नव्या धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तोच धोटा इतरांच्या तोंडाला लागे! विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, म्हणून ही बंदी अधिकच जाचक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नवे काम सर्वांना खुले व्हायचे तर ते शिकवणारी जागाही घराबाहेर आणि टोळीबाहेर असावी लागते.

युद्धाने काढलेली शाळा

अशी जागा मोठ्या प्रमाणावर निघाली ती दुसऱ्या महायुद्धात. सैन्याला आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांना कारागीर हवे होते, ते घराण्यांच्या परंपरेतून पुरणारे नव्हते. १९४० साली सरकारने तंत्रप्रशिक्षणाची योजना सुरू केली. १९४१ पासून निवडक भारतीय कामगारांना ब्रिटनमध्ये शिकायला पाठवण्यात आले. तिथले मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ही तरुण मंडळी ओळखली जात.

जुलै १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तंत्रप्रशिक्षण आणि वीज हे दोन्ही विषय या खात्याकडे होते. देशाच्या औद्योगिक प्रगतीसाठी स्वस्त आणि भरपूर वीज हवी, असे त्यांनी १९४३ साली आग्रहाने मांडले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी, अशी मागणी केली होती. वीज आणि हातकौशल्य या दोन गोष्टींना सामाजिक दृष्टीनेही महत्त्व आहे, हे त्यांनी ओळखले होते.

युद्ध संपताना, १९४५ साली, परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून पुनर्वसन आणि रोजगार संचालनालय स्थापन झाले. त्याच वाटेने पुढे १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि देशभर सुमारे ५० औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. यांनाच आपण आयटीआय म्हणतो. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि कारखान्यांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी आली.

मराठीने या कामांना नावेही दिली. इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री, वायरमन म्हणजे तारतंत्री, फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी आणि वेल्डर म्हणजे संधाता! बाजारात ‘संधाता’ म्हणून कोणी हाक मारत नाही हे खरे. पण या नावांमागे आडनाव नाही, जात नाही. आहे ते एक प्रमाणपत्र.

जालन्यातली तीन दुकाने

आता जालन्याकडे येऊ. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे इथून गेली. कापसाच्या या मुलखात जिनिंग-प्रेसिंगला चालना मिळाली आणि यंत्र जाणणाऱ्या माणसाची गरज निर्माण झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबर राज्य वीज मंडळ आले, १९७२ च्या दुष्काळाने विहिरींचे मोल शिकवले आणि विहिरींवर विजेच्या मोटारी बसत गेल्या. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. शहरात बियाण्यांचा उद्योग आणि पोलादाच्या सळयांचे कारखाने वाढले.

इथे तीन दुकाने आपण नीट पाहू. पहिले मोटार वाइंडिंगचे. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार तशीच चालू राहिली, तर तेच काम उरलेल्या तारांना करावे लागते. त्यांतला प्रवाह सुमारे १.७ पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ तिप्पट! तारेवरचे आवरण करपते आणि मोटार जळते. कारागीर जळलेली कॉइल काढण्याआधी तिचे वेढे मोजतो, तारेची जाडी मापतो, वहीत टिपून ठेवतो आणि तितकेच वेढे पुन्हा भरतो.

दुसरे दुकान वेल्डिंगचे. एके काळी सुतार लाकडाची तिफण आणि वखर करी. आता तीच अवजारे लोखंडी झाली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीही इथेच बनतात. इथला ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवून प्रवाह वाढवतो. कमान पेटलेली असताना दाब जेमतेम वीस-तीस व्होल्ट असतो आणि प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास.

तिसरे दुकान फारच मोठे. सळयांच्या कारखान्यातली इंडक्शन भट्टी. तांब्याच्या पोकळ नळीचे वेढे, नळीतून खेळणारे थंड पाणी आणि आत भंगार लोखंड. वेढ्यांतून बदलता प्रवाह गेला की भंगारातच प्रवाह निर्माण होतात आणि ते सुमारे १६०० अंशांपर्यंत तापून वितळते.

मोटार, ट्रान्सफॉर्मर, भट्टी. तिन्हींच्या मुळाशी मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन आहे. दहावीच्या पुस्तकात हा धडा आपण शिकवतो. पण त्याची उदाहरणे शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहेत, हे मुलांना किती वेळा सांगतो?

उस्ताद आणि प्रमाणपत्र

या दुकानांत शिकण्याच्या दोन वाटा आहेत. एक उस्तादाच्या हाताखालची. असा मुलगा आधी झाडलोट करतो, मग पकडून धरायला शिकतो, मग टाका मारतो. कमान बरोबर चालली आहे की नाही हे तो आवाजावरून सांगतो. काच न धरता पाहिल्याने रात्रभर डोळ्यांत खडे टोचल्यासारखे होते हे तो अनुभवाने शिकतो. पण ते कमानीतल्या अतिनील किरणांमुळे होते, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. दुसरी वाट आयटीआयची. संधात्याला एक वर्ष, वीजतंत्र्याला दोन वर्षे. तिथे ओहमचा नियम कळतो, कागद मिळतो, पण हात बसायला लागतो तेवढा सराव दरवेळी मिळतोच असे नाही.

कायदा कागदाला ओळखतो. १९५६ च्या विद्युत नियमांनी वीजजोडणीची कामे परवानाधारकांकडूनच करून घेण्याचे बंधन घातले. यात सुरक्षिततेचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. वर्षानुवर्षे काम केलेल्या, पण शाळा सुटलेल्या कारागिराला मात्र तो दुसऱ्याच्या नावाखाली राबायला लावतो.

ज्ञान अपुरे राहिले तर काय होते? भट्टीचे उदाहरण घ्या. भंगारात ओले तुकडे किंवा दोन्ही तोंडे बंद असलेली नळी असेल आणि ती वितळलेल्या पोलादाखाली गेली, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होते. मग तप्त रस चहूकडे उडतो. सातवी-आठवीत शिकवलेला अवस्थांतराचा धडा इथे जिवावर बेततो.

शाळेचे काय?

या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कितीतरी कामगार दिसतात. त्याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि वर्गातले बाक रिकामे होतात. हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. याला उचल, कोरडवाहू जमीन, मजुरीचे दर अशी पुष्कळ कारणे आहेत. सगळा दोष शिक्षणाचा नाही. पण “अभ्यासात गती नाही, आयटीआयला घाला,” हे वाक्य कोठून निघते? बलुत्याच्या यादीबाहेर सुरू झालेल्या कामांना आपणच पुन्हा खालची पायरी देत आहोत. मुलींच्या बाबतीत तर हे दार अजून अर्धेच उघडले आहे. महायुद्धात अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या गोद्यांत हजारो स्त्रियांनी जहाजे वेल्डिंग करून जोडली. आपल्याकडे संधात्याच्या वर्गात मुलगी दिसणे अजूनही विरळा.

वेगळे होऊ शकते हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दाखवले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती ही कामे शाळेच्या वेळापत्रकात आणली आणि गावातल्या जाणत्या कारागिराला शिकवायला बोलावले. नापासांसाठी पर्याय म्हणून नव्हे, तर सर्वांनी करता करता शिकावे म्हणून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी सूचना आहे.

त्या दहा दिवसांतला एक दिवस वाइंडिंगच्या दुकानासाठी ठेवता येईल. मुलांना तीन गोष्टी विचारून यायला सांगा. मोटार कशामुळे जळाली हे कसे ओळखता? वेढे किती हे कसे ठरवता? आणि हे काम तुम्ही कोणाकडून शिकलात? पहिल्या दोन उत्तरांवर विज्ञानाचा तास होईल. तिसरे उत्तर इतिहासाच्या तासाला फळ्यावर लिहावे, बारा बलुतेदारांच्या यादीशेजारी.