गणेशखिंड राजभवन, पुणे
मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये बांधकाम सुरू झाले, ते १८७१ मध्ये संपले. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. राणी व्हिक्टोरियाच्या आयल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न हाउस या ग्रामीण प्रासादाची छाप येथे उघड दिसते : इटालियन वळणाचा उंच मनोरा, कमानी आणि भोवती विस्तीर्ण बाग. मराठी वाडा चौकाभोवती आत वळतो. हे घर मात्र हिरवळीकडे तोंड करून मिरवते. कापसाच्या तेजीच्या काळात या बांधकामावर झालेल्या उधळपट्टीवर टीकाही झाली, आणि ती रास्तच होती. २२ जून १८९७ रोजी येथील समारंभातून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. १९४९ मध्ये वास्तू विद्यापीठाकडे आली.