घरगुती चित्रफीत-संकलनासाठी संगणकसामग्रीची निवड : जयगड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेल्या जयगडचा उल्लेख इतिहासलेखनात आला की प्रथम किल्ला आठवतो, त्यानंतर दीपगृह आणि एके काळी तेथे लागणारी मुंबईची बोट. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदी अलीकडचा आणि वरकरणी क्षुल्लक वाटावा असा आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत घरच्या घरी चित्रफिती संकलित करू पाहणाऱ्यांसमोर संगणक कोणता घ्यावा, त्यात काय बसवावे, हा प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा राहिला, याचा येथे विचार केला आहे. हा प्रश्न केवळ खरेदीचा नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लग्नसमारंभ, शिमग्याची पालखी, नमन-खेळे, जाखडी यांचे जे चित्रण आज उपलब्ध आहे, ते कोणत्या स्वरूपात टिकले आणि कोणते पुसले गेले, हे बऱ्याच अंशी त्या वेळी केलेल्या यंत्रनिवडीने ठरविले.

जयगडच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. २००९ मध्ये येथे नवे बंदर सुरू झाले आणि २०१०-११ मध्ये १२०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प कार्यान्वित झाला. किनारा, सडा आणि रस्ते यांचे रूप पालटले. त्यापूर्वीचा हा भूप्रदेश हलत्या चित्रांत कोठे सापडायचा असेल, तर तो प्रामुख्याने वरातीच्या किंवा पालखीच्या मागे, सहज टिपल्या गेलेल्या पार्श्वभूमीतच सापडेल. घरगुती चित्रफीत हे इतिहासाचे साधन मानण्यास आपल्याकडे अजूनही संकोच आहे. तो सोडावयास हवा.

'मिक्सिंग'पासून संगणकाकडे

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआर घरोघरी दिसू लागला. पुढे खांद्यावर घेऊन चालविण्याचे व्हीएचएस कॅमेरे लग्नमंडपात आले. या काळात संकलन म्हणजे दोन व्हीसीआर आणि त्यांच्यामध्ये एक मिक्सर. एका यंत्रावर फीत वाजवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवून घ्यायचा आणि जोडाच्या ठिकाणी मिक्सरने फिरते चौकोन, हृदयाकृती वा फुले टाकायची. या व्यवसायात संकलनाला आजही 'मिक्सिंग' म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. शब्द टिकला, यंत्र गेले.

या पद्धतीचा दोष असा की प्रत्येक प्रतीगणिक चित्र फिके पडत असे. व्हीएचएसची आडवी सूक्ष्मता मुळातच सुमारे २४० रेषांची. तिसऱ्या पिढीच्या प्रतीत नवरीच्या शालूचा लाल रंग कडेने पसरलेला दिसे. संगणकाचे आकर्षण होते ते याच ठिकाणी. एकदा अंकरूपात आलेले चित्र कितीही वेळा कापले, जोडले, तरी झिजत नाही.

१९९५ मध्ये डीव्ही हे अंकीय स्वरूप आले. त्याच वर्षी फायरवायर ही जोडणी मानक म्हणून मान्य झाली. सोनीच्या कॅमेऱ्यांवर तीच 'आयलिंक' या नावाने येई. १९९९ मध्ये ॲपलने आयमॅक डीव्ही आणि आयमूव्ही यांची जोडी बाजारात आणून घरगुती संकलनाची कल्पना जगभर रूढ केली. कोकणात मात्र तो मार्ग व्यवहार्य नव्हता. किंमत हे एक कारण; बिघाड झाल्यास दुरुस्तीला कोठे जायचे, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. त्यामुळे येथील निवड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळविलेल्या संगणकाचीच राहिली.

सामग्रीच्या निवडीतील खरा पेच

जाहिरातींचा भर प्रोसेसरच्या वेगावर असे. पेंटियम ३ घ्यावा की नोव्हेंबर २००० मध्ये आलेला पेंटियम ४, एएमडीचा ॲथलॉन स्वस्त पडतो का, अशा चर्चांत ग्राहक गुंतत. वस्तुतः अडचण दुसरीकडेच होती, आणि ती साध्या गुणाकाराने लक्षात येते. पाल पद्धतीच्या एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ बिंदू. प्रत्येक बिंदूस दोन बाइट आणि सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या, तर सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट होतात. म्हणजे तासाला सुमारे ७५ गिगाबाइट. डीव्ही स्वरूपात चित्र पाचपट आकुंचित होते. ध्वनी धरून सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट, अर्थात तासाला १३ गिगाबाइट. २००० च्या सुमारास सामान्य संगणकात १० ते २० गिगाबाइटची हार्ड डिस्क असे. एका तासाच्या फितीनेच ती भरून जाई. लग्नाचे चित्रण मात्र तीन-चार तासांहून कमी क्वचितच असे!

म्हणून जाणकाराचा पहिला सल्ला दुसऱ्या हार्ड डिस्कचा असे. एक कार्यप्रणालीसाठी, दुसरी केवळ चित्रासाठी, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची आणि वेगळ्या केबलवर लावलेली. एकाच केबलवर मास्टर-स्लेव्ह लावून किंवा डीएमए बंद ठेवून चित्र उतरवू लागले की चौकटी गळत आणि ओठांच्या हालचाली व आवाज यांचा मेळ सुटे. त्यातच विंडोज ९८ ची फॅट-३२ रचना ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नसे, म्हणजे अखंड चित्रणाची मर्यादा जेमतेम वीस मिनिटांची. विंडोज २००० व एक्सपी यांच्या एनटीएफएस रचनेने ही अडचण दूर केली. हा बदल वापरणाऱ्याला दिसला नाही, परंतु घरगुती संकलनाच्या दृष्टीने तो नव्या प्रोसेसरपेक्षा मोलाचा होता.

दुसरा निर्णय कॅप्चर कार्डाचा. जुना व्हीएचएस कॅमेरा असेल, तर ॲनालॉग चित्र अंकरूपात आणणारे पिनॅकल डीसी-१० सारखे कार्ड आवश्यक होते; डीव्ही कॅमेरा असेल, तर साधे फायरवायर कार्ड पुरे. त्यावर मॅट्रॉक्स आरटी-२००० किंवा पिनॅकल डीव्ही-५०० ही महाग कार्डे जोड-परिणाम तत्काळ दाखवीत. हौशी व्यक्तीने ती घेणे प्रस्तुत लेखकाच्या मते अनाठायी खर्च होता. ती व्यावसायिकाची गरज होती. मदरबोर्डची निवडही बेफिकिरीने करून चालत नसे. व्हीआयए कंपनीच्या ६८६बी चिपवर आधारलेल्या काही बोर्डांवर २००१ च्या सुमारास डिस्कवरील माहिती बिघडण्याचे प्रकार आढळले होते. त्यामुळे कार्डविक्रेते इंटेलच्या चिपसेटचा आग्रह धरीत.

परंतु पुस्तकी यादीत नसलेली आणि जयगडसारख्या ठिकाणी सर्वांत निर्णायक ठरणारी बाब म्हणजे वीज. परिणाम घातलेले चित्र अंतिम स्वरूपात तयार होण्यास, ज्याला 'रेंडर' म्हणतात, रात्र-रात्र लागे. मध्येच वीज गेली की काम पुन्हा पहिल्यापासून. १५ इंची काचेचा मॉनिटर आणि संगणक मिळून साध्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटे निघत. खाडीपलीकडे, गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यावर, दाभोळ वीजप्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू होऊन मे २००१ मध्ये बंद पडला होता. २००५ नंतर राज्यभर भारनियमन तीव्र झाले, तेव्हा संकलन करणाऱ्याला काम लहान तुकड्यांत विभागून रेंडर करण्याची सवय लावून घ्यावी लागली. अशा परिस्थितीत अधिक वेगवान प्रोसेसरचा खरा उपयोग 'वेळ वाचणे' हा नव्हता. वीज जाण्याच्या आत काम पुरे होणे, हा होता. खारी हवा आणि तीन हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा पाऊस यांनी कार्डांच्या पट्ट्या गंजत, त्या खोडरबराने पुसून पुन्हा बसवाव्या लागत. ही कृती कोणत्याही माहितीपुस्तिकेत नाही.

निवडीचे दूरगामी परिणाम

डिस्क महाग आणि लहान, म्हणून काम संपताच मूळ चित्रण पुसले जाई. मिनीडीव्ही फीतही पुढच्या कार्यक्रमासाठी पुन्हा वापरली जाई. ग्राहकाच्या हाती पडे ती व्हीसीडी. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे मुळाच्या एक चतुर्थांश; आणि सेकंदाला १.१५ मेगाबिट दराने, म्हणजे डीव्हीच्या साधारण बाविसाव्या हिश्श्यात कोंबलेले. नमन-खेळ्यांचे वा शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांचे चित्रण व्हीसीडीवर पाहताना कलावंतांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांत विरघळलेले दिसतात, याचे कारण कॅमेरा नव्हे. त्या काळी आणखी एक ८० गिगाबाइटची डिस्क परवडली असती, तर मूळ चित्रण राहिले असते. ज्यांनी व्हीएचएस फिती टाकून न देता नुसत्या कपाटात ठेवल्या, त्यांच्याकडे दमट हवेने बुरशी धरली असली तरी मूळ साधन आहे. ज्यांनी आधुनिक होण्याच्या उत्साहात फिती व्हीसीडीवर उतरवून फेकून दिल्या, त्यांच्याकडे ते नाही.

आता पेच उलटा झाला आहे. २००६ मध्ये एव्हीसीएचडी स्वरूप आल्यानंतर फीतच मागे पडली. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि ॲपलने २०२५ च्या आपल्या कार्यप्रणालीतून फायरवायरचा आधार काढून टाकला. डिस्कची जागा आज मुबलक आहे, प्रोसेसर अतिवेगवान आहेत. परंतु फितीवरील चित्र संगणकात आणणारी खाचच नव्या यंत्रांत नाही. जयगड परिसरातील फितींचे अंकीकरण कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने हाती घ्यावयाचे ठरविले, तर नव्या संगणकाच्या मागणीपत्रापूर्वी जडसंग्रह नोंदवही उघडावी लागेल. निर्लेखनाच्या यादीत असलेल्या एखाद्या पेंटियम ४ च्या मागील बाजूस सहा टोकांची फायरवायर खाच आहे का, ते पाहावे. आणि ती असेल, तर तो संगणक भंगारात देण्याचा प्रस्ताव तूर्त मागे घ्यावा.