कालव्यातून आलेले शब्द

काही वर्षांपूर्वी बोलीच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने इंदापूर तालुक्यातील आपल्या गावातून शेतीविषयक शब्दांची यादी करून आणली होती. मोट, नाडा, दंड, वाफा, दारे धरणे या शब्दांच्या रांगेत तिने ‘टेल’ लिहिले होते. आम्ही ते तांबड्या शाईने खोडले व ‘इंग्रजी शब्द, बोलीचा नव्हे’ असा शेरा मारला. तो शेरा चुकीचा होता, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

१८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली. पुढे बारामतीकडे पाणी आले आणि पाण्यामागून खात्याची भाषा आली. कालव्याच्या लहान फाट्याला ‘मायनर’, पाण्याच्या पाळीला ‘रोटेशन’, आणि कालवा जिथे संपतो त्या भागाला ‘टेल’. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ शेपूट. इकडे मात्र ‘टेलचा शेतकरी’ म्हटले की, वरच्या सर्वांचे भिजून झाल्यावर ज्याची पाळी येते, आणि कधी येतच नाही, असा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. विहिरीवरच्या मोटेला टेल नसते. ती अवस्थाच कालव्याने निर्माण केली. तेव्हा तिचे नावही कालव्याकडूनच यावे, हे स्वाभाविक होते.

‘ब्लॉक’ची कथा याहून गमतीची. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे भागात अभियंता असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली : ठरावीक क्षेत्राला काही वर्षे पाण्याची हमी, आणि ऊस मात्र त्यातील एका हिश्शावरच. बागायतदाराच्या लेखी ‘ब्लॉक’ म्हणजे हमीचे पाणी. १९५२ च्या सामूहिक विकास योजनेनंतर सरकारी भाषेत तोच शब्द गावांच्या समूहाला लागला. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गाने तर त्याचा अर्थ दोन-तीन खोल्यांचे बंद बिऱ्हाड असा केला. चाळ सोडून मंडळी ब्लॉकमध्ये राहायला गेली, असे एखाद्या कथेत आले की आमच्या वर्गात कोणीतरी हमखास अडखळते. असो.

सर्वांत अधिक अर्थ साठले ते ‘रिकव्हरी’त. वालचंदनगरचा कारखाना १९३०च्या दशकातला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने झाले. उसातून निघणाऱ्या साखरेच्या शेकडा प्रमाणाला छापील मराठीत ‘उतारा’ म्हणतात. पण उतारा सातबाराचा असतो, विषावरचा असतो, दृष्ट काढून टाकलेला असतो आणि आमच्या प्रश्नपत्रिकेतही असतो. त्या गर्दीत ‘रिकव्हरी’ला सहज जागा मिळाली. उसाचा दरही तिच्याशी बांधलेला. २००९-१० मध्ये रास्त व किफायतशीर दर आला तेव्हा त्याचा पाया ९.५ टक्के उताऱ्याचा होता. २०१८-१९ पासून तो १० झाला, २०२२-२३ पासून १०.२५. म्हणजे शब्द तोच राहिला, पण मूळ दर मिळवण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक साखर उतरणे भाग झाले. त्याच शेतकऱ्याच्या ऊसबिलातून सोसायटीच्या कर्जाची कपात होते, तीही रिकव्हरीच. एक रिकव्हरी पैसे आणते, दुसरी नेते. आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण क्रियापदे वेगळी आहेत. कारखान्याची रिकव्हरी ‘बसते’, कर्जाची ‘होते’. प्राध्यापकांच्या पगारात ती ‘निघते’, हेही अनुभवाने सांगतो. कोशात नोंद करायची तर ती या क्रियापदांसह करावी लागेल. नुसते ‘वसुली’ व ‘उतारा’ असे दोन प्रतिशब्द देऊन भागणार नाही.

इंग्रजीत ‘बॅकवॉटर’ या शब्दाला साचलेपणाची, मागासलेपणाची छटा आहे. इंदापूर तालुक्यात नेमके उलट झाले. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने भिगवण-पळसदेवचा पट्टा बागायती, मासेमारी व रोहित पक्ष्यांसाठी ओळखला जाऊ लागला. ‘बॅकवॉटरला जमीन आहे’ हे येथे संपन्नतेचे वर्णन होय. पाणी खूप उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. वृद्ध माणसे तिकडे बोट दाखवून ‘आमचं गाव पाण्यात गेलं’ एवढेच म्हणतात. ‘बॅकवॉटर’ हा शब्द त्यांच्या नातवंडांचा.

त्या विद्यार्थिनीच्या यादीत तोही होता, आणि आम्ही तोही खोडला होता.