छातीच्या फोटोची कुळकथा

कवठे येमाईचा माणूस छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायला शिरूरला जातो, तेव्हा त्याला पाठ यंत्राकडे करून उभे केले जाते. छाती प्लेटला टेकवा, हनुवटी वर, खांदे पुढे, खोल श्वास घ्या, धरून ठेवा. यातली एकही सूचना हौसेची नाही. हृदय छातीत पुढच्या बाजूला असते. ते प्लेटजवळ आले आणि यंत्र सहा फुटांवर राहिले, की सावली फुगत नाही. खांदे पुढे घेतले की खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. एक्स-रे काढण्याच्या रीतींच्या संदर्भग्रंथातली नोंद हेच क्रमाने सांगते: फोटो कशासाठी, रुग्ण कसा, किरण कुठून, चांगल्या फोटोत काय दिसावे. हा साचा लेखकांच्या टापटिपीतून नव्हे, तर फोटोंची तुलना करण्याच्या गरजेतून घडला, असे माझे म्हणणे आहे.

२२ डिसेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या रोंटगेन यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. हात चपटा, म्हणून काम सोपे. कवटीत मात्र हाडावर हाड येते. मग ज्याला युक्ती सापडली त्याचे नाव तिला चिकटले. हनुवटी प्लेटला टेकवून गालांमागच्या पोकळ्या दाखवणारी वॉटर्स यांची रीत १९१५ची, कवटीची मागची बाजू दाखवणारी टाऊन यांची १९२६ची. पण नावावरून मान किती वाकवायची ते कळत नाही. ती उणीव क्लार्क यांच्या १९३९च्या आणि मेरिल यांच्या १९४९च्या ग्रंथांनी भरून काढली: अवयववार मांडणी आणि रुग्ण कसा ठेवायचा याची चित्रे.

कोणी म्हणेल, खाटेवरचा रुग्ण पुस्तकाप्रमाणे उभा कसा राहणार? राहणार नाही, आणि म्हणूनच नोंद लागते. उताण्या रुग्णाचा फोटो पुढून घेतात. त्यात निरोगी हृदयही मोठे दिसते. फोटोवर 'एपी', म्हणजे पुढून घेतलेला, असे लिहिले नसेल, तर नसलेला आजार माथी बसतो. डिजिटल यंत्र काळे-पांढरे सावरून घेते, वाकडा उभा राहिलेला माणूस सरळ करत नाही. हाड मोडल्याच्या शंकेने एकाच जागेचे दोन फोटो काटकोनात घेतात, तेही उगाच नव्हे. समोरून न दिसलेली चीर बाजूने दिसते. क्षयाच्या रुग्णाचा आजचा फोटो सहा महिन्यांपूर्वीच्या फोटोशेजारी ठेवायचा, तर दोन्ही एकाच रीतीने काढलेले हवेत. म्हणून शिरूरहून पुण्याला ससून रुग्णालयात जाताना जुने फोटो पाकिटासकट सोबत न्यावेत.