लॅपटॉप स्टँडची उपयुक्तता : उष्णता व शारीरिक स्वास्थ्य यांचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लॅपटॉप स्टँड ही महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या टेबलावर आज सहज आढळणारी वस्तू आहे. स्टँडमुळे लॅपटॉप थंड राहतो व मानेचे दुखणे टळते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, याचे उत्तर केवळ स्टँडची रचना पाहून मिळत नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या जडणघडणीचा इतिहास पाहावा लागतो. संगणकाचा पडदा व कळफलक हे दोन भाग एकदा विलग झाले आणि पुढे पुन्हा जोडले गेले. या पुनर्जोडणीतून निर्माण झालेल्या अडचणींवरील उपाय म्हणून स्टँडचा वापर रूढ झाला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कळफलकाचे विलगीकरण

बैठ्या लेखनकामातून होणाऱ्या विकारांची नोंद जुनी आहे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांचा व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि मनावरील ताण. लेखणीच्या जागी पुढे यंत्र आले, तरी ही कारणे कायम राहिली.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कार्यालयांमध्ये पडदा असलेली संगणक टर्मिनले आली. त्यांपैकी अनेकांत पडदा व कळफलक एकाच पेटीत बसविलेले असत. मान, खांदे व डोळे यांच्या तक्रारी वाढू लागल्या आणि पश्चिम युरोपातील कामगार संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाचा कळफलक तारेने जोडलेला, परंतु स्वतंत्र होता. २९ मे १९९० रोजी युरोपीय समुदायाने पडद्यासमोरील कामाविषयी निर्देश (९०/२७०) काढला. कळफलक पडद्यापासून वेगळा असावा व त्याचा कल बदलता यावा, अशी अट त्यात घालण्यात आली. तथापि, कामाच्या जागी दीर्घकाळ न वापरल्या जाणाऱ्या वाहतुकीयोग्य संगणकांना याच निर्देशातून वगळण्यात आले. लॅपटॉप हे प्रवासातील तात्पुरते साधन आहे, हे गृहीतक या सवलतीमागे दिसते.

पुनर्जोडणी

१९८१ मधील ऑस्बोर्न १ हा सुमारे ११ किलो वजनाचा संगणक नेण्याजोगा होता. त्याचे झाकण हाच त्याचा कळफलक होता व काम करताना तो वेगळा ठेवता येत असे. १९८२ मध्ये ग्रिड कंपास हा संगणक बाजारात आला. त्याचे रचनाकार बिल मॉग्रिज यांनी पडदा बिजागरीने कळफलकावर मिटणारी रचना स्वीकारली. शिंपल्याप्रमाणे उघडणारी हीच रचना पुढे लॅपटॉपची ओळख ठरली. ऑक्टोबर १९९१ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक मालिकेत कळफलक पडद्याच्या बाजूस सरकवून पुढे मनगट टेकण्यास जागा देण्यात आली. मनगटाची सोय झाली. मानेचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पडदा डोळ्यांच्या पातळीजवळ असावा आणि हात कोपरांच्या उंचीवर असावेत, अशी शरीराची गरज आहे. बिजागरीने जोडलेल्या यंत्रात या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. पडदा योग्य उंचीवर आणला तर हात वर उचलावे लागतात आणि कळफलक योग्य जागी ठेवला तर मान झुकवावी लागते. ॲपलने १९९२ मध्ये पॉवरबुक ड्युओसाठी काढलेल्या डॉकमध्ये संगणक सरकवून स्वतंत्र मॉनिटर व कळफलक जोडता येत असे. लॅपटॉप स्थिर कामासाठी अपुरा आहे, याची अप्रत्यक्ष कबुलीच या साधनात होती.

उष्णतेचा प्रश्न

ग्रिड कंपासचे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते व आतील उष्णता बाहेर टाकण्याचे कामही तेच करीत असे. हा संगणक १९८३ मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून नेताना त्यास पंखा बसवावा लागला. कारण भारहीन अवस्थेत तापलेली हवा आपोआप वर जात नाही. यंत्र थंड राहण्यासाठी भोवतालची हवा हलती राहणे किती आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

प्रोसेसर वेगवान होत गेले, तसा हा प्रश्न तीव्र झाला. २००२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, लॅपटॉप सुमारे तासभर मांडीवर ठेवल्याने भाजल्याच्या एका घटनेची नोंद प्रसिद्ध झाली. २००५ मध्ये 'ह्यूमन रिप्रॉडक्शन' या नियतकालिकात २९ पुरुषांवरील अभ्यास प्रकाशित झाला. तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यानंतर अंडकोषाच्या तापमानात २.६ ते २.८ अंश सेल्सिअस वाढ आढळली. मात्र मांड्या जुळवून, लॅपटॉपविना नुसते बसल्यानेही २.१ अंश वाढ झाली होती. दोष केवळ यंत्राच्या उष्णतेचा नव्हता. त्या यंत्राने लादलेल्या बैठकीचाही होता.

स्टँडचे कार्य व मर्यादा

अनेक लॅपटॉपमध्ये हवा आत घेणारी छिद्रे तळाशी असतात आणि तळाखालील रबरी पायांमुळे काही मिलिमीटरच मोकळी जागा राहते. गादी वा उशीवर ती जागाही बुजते. आतील तापमान फार वाढल्यास प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. शिवाय उष्णतेमुळे लिथियम-आयन बॅटरी लवकर जीर्ण होते. अशा यंत्राखाली स्टँड ठेवल्यास हवेचा मार्ग खुला होतो व लाभ संभवतो. परंतु छिद्रे बाजूस किंवा बिजागरीजवळ असतील आणि यंत्र कठीण, सपाट टेबलावर असेल, तर फरक अल्प पडतो. पंखे नसलेल्या लॅपटॉपमध्ये धातूचा तळ हवेत उघडा राहणे एवढाच फायदा होतो. धुळीने चोंदलेला पंखा तर कोणत्याही स्टँडने सुधारत नाही.

शारीरिक स्वास्थ्याबाबतही हेच विवेचन लागू पडते. उंच स्टँडवरील पडदा वाचनासाठी किंवा व्याख्यान ऐकण्यासाठी उपयुक्त ठरतो. त्याच उंचीवरील कळफलकावर टंकलेखन केल्यास मात्र मानेचा भार खांदे व मनगटांवर जातो.

निष्कर्ष

स्टँडमुळे होणारा थंडावा यंत्राच्या रचनेवर अवलंबून आहे, तर त्यापासून मिळणारे स्वास्थ्य स्वतंत्र कळफलक व माऊस यांवर अवलंबून आहे. स्टँड व कळफलक एकत्र वापरल्यास, १९९० च्या निर्देशाने जे विलगीकरण आवश्यक मानले तेच वापरकर्ता स्वखर्चाने पुन्हा साधत असतो. २००८ मध्ये जागतिक विक्रीत लॅपटॉपने टेबलावरील संगणकास मागे टाकले. २०२० च्या टाळेबंदीत तर अध्यापनाचा मोठा भार याच यंत्रावर आला. तात्पुरते मानलेले साधन अशा रीतीने दिवसभराचे झाले, पण त्याची बिजागरी बदलली नाही. महाविद्यालये प्राध्यापकांसाठी लॅपटॉप खरेदी करतात तेव्हा स्टँड व स्वतंत्र कळफलक यांची गणना वैयक्तिक हौसेत न करता आवश्यक साधनांत करणे उचित ठरेल.