काचऱ्यांची वंशावळ

गेल्या श्रावणात मधली सुट्टी संपून वर्ग भरला, तेव्हा एका मुलाच्या डब्यात उपासाच्या बटाट्याच्या चार काचऱ्या उरल्या होत्या. त्याने विचारले, "गुरुजी, ह्या पहिल्यांदा कोणी तळल्या?" मी ऐटीत सांगितले, अमेरिकेतील साराटोगा स्प्रिंग्ज येथे १८५३ साली जॉर्ज क्रम नावाच्या आचाऱ्याने. गिऱ्हाइकाने बटाटे जाड आहेत म्हणून परत पाठविले, तेव्हा रागाच्या भरात त्याने ते कागदासारखे चिरून तळले. मुले खूश झाली.

घरी येऊन धुंडाळले, तो गोष्ट पोकळ निघाली. विल्यम किचनर या इंग्रजाच्या १८१७ सालच्या पाकपुस्तकात बटाट्याच्या चकत्या तळण्याची कृती आहे. क्रम हा खरा माणूस आणि नामांकित आचारी. पण ही कथा त्याला मागाहून चिकटली. जो पदार्थ हजार चुलींवर चुकतमाकत घडतो, त्याला एकच बाप शोधण्याची खोड इतिहासाला आहे आणि ती आम्हा शिक्षकांनाही लागते.

बटाट्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. नासक्या बटाट्याला टिकवायचे कसे, हा प्रयोग तिथल्या लोकांनी फार पूर्वीच केला. रात्रीच्या कडक थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे, उन्हात वाळवायचे. त्याला ते 'चुन्यो' म्हणतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी बटाटा युरोपात नेला. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. तोही मुळात कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याचा! म्हणजे धाकट्याला थोरल्याच्या नावाने हाक मारावी, तसे झाले.

घाटावर बटाट्याची लागवड करणाऱ्यांत महाबळेश्वरचे चिनी कैदीही होते. १८३४ ते १८६४ पर्यंत तेथे चिनी आणि मलायी बंदिवानांचा तुरुंग होता. त्यांनी मळ्यांत बटाटे पिकविले. त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. आणि आज एकादशीच्या ताटातला बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा कंद, सारेच सातासमुद्रापलीकडचे. जुन्या शास्त्रकारांना ते ठाऊकच नव्हते, मग निषिद्ध ठरविणार कोण?

अँडीजमधल्या बायांचे काम आमची आई गच्चीवर करीत असे. फक्त थंडीऐवजी वैशाखाचे ऊन. बटाटे किसणीवर चिरून ती पाण्यात टाकी, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुई, मग तुरटी व मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यातून काढून जुन्या लुगड्यावर पसरी. आई गेल्यावर मी तेच करू गेलो आणि फसलो. बाजारातून आणलेले बटाटे कढईत तांबडे होऊन कडू लागले. दुसऱ्या खेपेस नीट धुतले, तरी तीच गत.

कारण पुढे कळले. थंड कोठारातल्या बटाट्यातील पिष्टाची साखर होते आणि ती तेलात करपते. धुतल्याने वरचे पिष्ट जाते, उकळत्या पाण्याने साखर उतरते, तुरटीने चकती घट्ट राहते. आणि आई बटाटे घेताना दुकानदाराला नेहमी विचारी, "ताजे, की कोठारातले?" मला तो उगाच घासाघिशीचा भाग वाटे. तिला रसायनशास्त्र येत नव्हते. पण उत्तर येत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि म्हटले, "मुलांनो, काल मी चुकीचे सांगितले." मग त्या मुलाला विचारले, "तुझ्या डब्यातल्या काचऱ्या कोणी केल्या?"

"आजीने."

"मग आधी तिचे नाव फळ्यावर लिही."

त्याने लिहिले. त्या तासाचा इतिहास मी तेथूनच सुरू केला.